घरची वांगी

वर्ध्याच्या रविवारच्या बाजारात पावभर भाजी मागणाऱ्या बाईकडे भाजीवाल्या कशा बघतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. आधी त्या जरा थांबतात, हिचं अजून काही बोलायचं राहिलं असेल म्हणून. मग विचारतात, “पावभरच?” मग काटा उचलतात आणि उचलता उचलता शेजारणीकडे एकदा बघून घेतात. एखादी जास्त मायाळू असली तर पुढेही विचारते, “लेकरं गावाले गेले काय?” सुरुवातीला मी खरं सांगायची. खरं सांगितलं की आणखी चार प्रश्न येत. म्हणून मग “हव, गावाले गेले” म्हणायला शिकले. त्यामुळे त्या बाजारात दोनतीन भाजीवाल्या अशा होत्या, ज्यांच्या लेखी मला नवरा होता, लेकरं होती आणि ती सगळी सदानकदा गावाला गेलेली असत.

मी एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. सत्तर सालाच्या आगेमागे नोकरीला लागले आणि स्टेशनच्या बाजूला एका घराच्या मागची खोली भाड्याने घेतली. लग्न झालं नाही. त्याची मोठी कहाणी वगैरे नाही. स्थळं आली, काही त्यांनी नाकारली, काही मी. मग आई आजारी पडली, मग वय झालं असं लोक म्हणायला लागले, आणि मीही ते ऐकून घेतलं. सोमवार ते शनिवार माझं बरं चाले. यंत्राचा खडखडाट, साहेबांची घंटा, मैत्रिणींचे डबे. रविवार मात्र अंगावर येई. सकाळी न्हायचं, चार कपडे धुवायचे, आणि दहा वाजता दिवस संपल्यासारखा व्हायचा. म्हणून मी बाजारात जाई. भाजी लागे म्हणून नव्हे. तिथे निदान धक्के तरी लागत.

माझं गाव रोहण्याच्या अलीकडे, आर्वी तालुक्यात. आर्वी-पुलगावच्या छोट्या गाडीने पुलगावला यायचं, तिथून मोठ्या गाडीने वर्ध्याला. घरी कापूस, तूर, ज्वारी. विहिरीच्या अंगाने चार वाफे भाजीचे. आमच्या घरी भाजी विकत नसत. वडील म्हणायचे, कापूस विकायचा असतो, भाजी द्यायची असते. त्यात थोडा उदारपणा होता आणि बरीचशी मिजास होती. बाजारात पोतं पसरून बसणं, हातात काटा धरून “घ्या, घ्या” करणं हे आपलं काम नव्हे, असं त्यांना वाटे. आणि गावातल्या आमच्यासारख्या सगळ्याच घरांना वाटे. माझ्या एका चुलत्याने एका वर्षी मिरच्या जास्त झाल्या म्हणून पुलगावच्या बाजारात नेऊन विकल्या. पुढे कितीतरी वर्षं त्याला लग्नाच्या पंगतीत लोक विचारत, “काय भाऊ, मिरचीचा भाव काय?” तो हसे, पण कानाच्या पाळ्या लाल होत. नंतर त्याने वाफेच मोडून टाकले.

त्या विहिरीजवळच्या वांग्यांचं बियाणं आईच्या सासूपासून चालत आलेलं होतं. दरवर्षी आई एक चांगलं वांगं झाडावरच पिवळं होऊ देई. मग बी काढून, राखेत घोळवून, फडक्यात बांधून उतरंडीत ठेवी. ती वांगी फार काही देखणी नव्हती. लहान, बुडाशी बसकी, हिरव्या अंगावर पांढरे फराटे, आणि देठाला काटे इतके की धुताना हमखास बोटाला टोचत. पण तुराट्यांच्या जाळावर भाजली की साल आपोआप सुटे आणि आत बी जवळजवळ नसे. भरीत करावं तर त्यांचंच.

आई होती तोवर मला वानोळा येई. शेतात नवं काही निघालं की आधी आपल्या माणसांकडे पाठवायचं, तो वानोळा. शनिवारच्या बसने कंडक्टरकडे पिशवी दिलेली असे, आणि मी कचेरीतून सरळ बसस्टँडवर जाऊन ती उतरवून घेई. वांगी, अंबाडी, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा, कधी तळाशी डाळीचं गाठोडं. पिशवी उचलत नसे. इतर वेळी पावभर घेणारी मी त्या दिवशी गल्लीत ओंजळीओंजळीने वाटत सुटे. घरमालकीण म्हणे, “ताई, तुमच्या घरचे मोठ्या मनाचे हायेत.” मला ते ऐकायला आवडे. एकटी राहणाऱ्या बाईकडे वानोळा येतो म्हणजे तिच्या मागे कुणीतरी आहे, हे गल्लीला न सांगता कळतं.

वडील आधीच गेले होते. आई गेल्यावर घर भावाच्या हाती आलं. भाऊ माझ्याहून लहान. तो मला बाई म्हणे. त्याला अंगाखांद्यावर मीच वाढवलेला. आई गेल्यानंतरही काही महिने पिशवी येत राहिली. मग ती हलकी होत गेली. मग एका शनिवारी आली नाही. मी दुसऱ्या शनिवारी गेले, तिसऱ्या शनिवारी गेले. कंडक्टर मला ओळखत होता. मला बघून तो लांबूनच हात हलवायचा, की काही नाही. नंतर नंतर त्याला हात हलवायला लागू नये म्हणून मी जाणं सोडलं.

विचारायची सोय नव्हती. वानोळा मागून घेत नाहीत. मागितला की तो वानोळा राहत नाही, भीक होते. त्या दिवाळीत भाऊबीजेला गेले. भावजय चांगली वागली, भाचे पाया पडले, भावाने ओवाळून घेतलं, ताटात लुगडं टाकलं. दरवर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला शेतावर घेऊन जाई. त्या वर्षी म्हणाला नाही. मी म्हटलं, “विहिरीकडे जाऊन येतो जरा.” तर म्हणाला, “ऊन हाय बाई, कायले जातं?” कार्तिकातलं कोवळं ऊन ते. परत येताना छोट्या गाडीत मला वाटलं, माहेर आता ओवाळण्यापुरतं उरलं. वाईट वाटलं, आणि रागही आला. माझ्या नाकावर राग तसाही बसलेलाच असतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका रविवारी मला कणकण होती म्हणून मी बाजारात गेले नाही. दुपारी घरमालकीण दाराशी आली आणि पदरातून चार वांगी माझ्यापुढे ठेवली.

“घ्या ताई. आज लय मस्त वांगे भेटले.”

मी वांगं हातात घेतलं आणि देठाचा काटा बोटात रुतला. तेवढ्यावरून काही कळलं असं मी म्हणत नाही. काटे पुष्कळ वांग्यांना असतात. पण ते बसकं बूड, ते फराटे मी जन्मभर बघितलेले. स्टोव्हवर भाजलं, साल हाताने ओढली तर सुटून आली. चिरलं तर आत बी नाही. भाकरी तशीच ताटात राहिली. दुसऱ्या दिवशी मी घरमालकिणीला सहज विचारल्यासारखं विचारलं, की वांगी कुणाकडून घेतली.

“एक माणूस बसते तिकडे, सांबारवाल्या म्हातारीच्या बाजूले,” ती म्हणाली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. “बोलत नाई, चालत नाई. भाव कमी कर म्हटलं का करून टाकते. असा कुठं धंदा होते काय?”

पुढच्या रविवारी मी गेले. बाजार ऐन भरात होता. संत्र्यांच्या राशी लागल्या होत्या. ढेमसं, पोपटाच्या शेंगा, भेदरं म्हणजे टोमॅटो, यांचे वाटे घालून बाया ओळीने बसल्या होत्या. मी सांबारवाल्या म्हातारीला शोधत गेले. शोधायला वेळ लागला नाही. तिचा आवाज अर्ध्या बाजाराला पुरेसा होता. तिच्या बाजूला पोतं पसरून, मान खाली घालून माझा भाऊ बसला होता.

मी तिथेच थबकले. मागच्या बाईची टोपली माझ्या पाठीला लागली, ती काहीतरी बोललीही. त्याच्यापुढे वांग्यांचा ढीग होता, बाजूला तांदुळजाच्या जुड्या, आणि मांडीवर काटा. डोक्याला टोपी नव्हती. आमच्या घरातला पुरुष टोपीशिवाय गावाबाहेर जात नसे. कुणी ओळखू नये म्हणून त्याने ती काढून ठेवली असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने भाव विचारला. त्याने तो इतक्या हळू सांगितला की म्हातारीला त्याच्या वतीने ओरडून सांगावा लागला.

समोर थोड्या अंतरावर एका बांगड्यावाल्याची गाडी होती. मी तिच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. बांगड्यावाला म्हणाला, “ताई, कोणता रंग?” मी म्हटलं, “दाखवा सगळे.”

माझी खोली तिथून चालत काही फार लांब नव्हती. तो दर रविवारी या गावात येत होता, अख्खा दिवस बसत होता आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत जात होता. माझ्या दाराची कडी त्याने एकदाही वाजवली नव्हती. त्या दिवशी मला फक्त राग आला. त्याने काटा हातात धरला म्हणून नाही. मुलं पुलगावच्या शाळेत शिकत होती, विहिरीवर नवी मोटर बसली होती, घरात दर आठवड्याला चार रुपये यावेत असं वाटलं असेल; त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण मी याच गावात असून तो मला परकी धरून चालला होता, याचा राग आला. मी हिरव्या बांगड्या घेतल्या आणि घरी आले.

पुढच्या रविवारी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. बांगड्यावाला मला बघून डबेच उघडून ठेवू लागला. कचेरीतल्या मैत्रिणी माझा हात धरून विचारत, “काय ग, कुठं जमलं काय?” मी म्हणे, “जमलं तर तुम्हाला सांगितल्याशिवाय राहीन का?” हातात बांगड्या मावेनात. शेवटी बांगड्या नुसत्याच बघायच्या आणि काही न घेता परत यायचं, यालाही तो बांगड्यावाला सरावला. घरमालकीण बाजारात निघाली की मी तिला सांगे, “मलाही वांगी आणा, त्याच माणसाकडून.” तिला वाटे, ताईला वांग्यांचं वेड लागलं. अशी मी माझ्या घरची वांगी तोलून मापून, दुसरीच्या पदरातून घेऊन खात होते.

लांबून बघताना राग टिकत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात, तशी त्याची गत होती. कुणी दोन वांगी वर मागितली की तो चार देई. कुणी उलटून बोललं की तो काटाच खाली ठेवी. त्याची मिशी पिकायला लागली होती, ते मला त्या गाडीआडून कळलं. भाऊबीजेच्या दिव्यात दिसलं नव्हतं. कधी तो मान वर करून समोर बघे. तेव्हा मी बांगड्यांच्या डब्यावर वाकून उभी राही. पण बाजार झाला की मला हलकं वाटे. जे रविवार मला खायला उठत, त्यांची मी आता बुधवारपासून वाट बघत असे. आपला माणूस दिसतो आहे, धडधाकट आहे, एवढंसुद्धा पुष्कळ असतं. हे मला तेव्हा कळलं नाही.

संक्रांतीच्या अलीकडच्या रविवारी मी जरा उशिरा पोचले. दुपार कलली होती, गर्दी पातळ झाली होती. मी गाडीआड उभी राहिले, आणि थोड्याच वेळात तो बाजाराकडे पाठ करून, फडकं सोडून भाकर खायला लागला. कोरडी भाकर आणि मिरची. मध्येच ठसका लागला तर म्हातारीने तिचा तांब्या पुढे केला. दोन गल्ल्या पलीकडे माझा स्टोव्ह, माझी भांडी, मी, आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून चोरासारखा भाकर खातो. वडिलांची ती मिजास, ते मिरचीच्या भावाचं चिडवणं, सगळ्याचा मला संताप आला. मी ठरवलं, आता पुरे. सरळ जाऊन पुढे उभी राहिले.

तोवर तो वळून बसला होता आणि एका गिऱ्हाइकाला वांगी तोलून देत होता. आधी त्याला माझ्या चपला दिसल्या असतील. मग त्याने वर बघितलं. त्याच्या हातून माप सुटलं, आणि पहिली गोष्ट त्याने काय केली असेल, तर बाजूचं रिकामं पोतं ओढून त्या काट्यावर टाकलं.

“बाई,” तो म्हणाला, “तू काऊन आली इकडे?”

“भाजी घ्याले आली,” मी म्हटलं. “तू?”

“मी... बसलो जरा. ज्याचं हाय तो चहा प्याले गेला. म्हने, घडीभर पाय. म्हून बसलो.”

हे त्याने दिलेलं दार होतं. मी त्यातून निघून जायला हवं होतं असं आज वाटतं. बरं, म्हणायचं, घरी ये म्हणायचं आणि चालू लागायचं. पण मला त्याला सांगायचं होतं, की अरे, मला सगळं ठाऊक आहे आणि माझं काही म्हणणं नाही. ते सांगायला तोंडात आले ते शब्द असे:

“वांगे तं आपले हायेत.”

म्हातारी ओरडायची थांबली. त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि दोन्ही हातांनी वांगी भरायला लागला. ओंजळीमागून ओंजळ. पिशवी भरली तरी तो दाबून भरत होता. मघाचं गिऱ्हाईक अजून उभंच होतं. ते म्हणालं, “भाऊ, माहे वांगे तोलून राह्यले होते ना तुमी?”

“विकाचे नाई,” भाऊ म्हणाला.

“अरे, आत्ता तं...”

“घरचे हायेत. विकाचे नाई.”

ते गिऱ्हाईक पुटपुटत निघून गेलं. मी म्हटलं, “चल घरी. भाकर टाकतो गरम.” तो म्हणाला, “तू हो पुढे. ज्याचं हाय तो आला का येतो.” वर एकदा हसला. लहानपणी काही फोडलं की हसायचा तसं. मी म्हटलं, “नक्की येजो.” तो म्हणाला, “येतो ना बाई.” भरलेली पिशवी घेऊन मी घरी आले. ती उचलत नव्हती.

मी दोन माणसांचा स्वयंपाक केला. त्या खोलीत तो मी कधी केला नव्हता. पीठ किती घ्यावं याचा अंदाज येईना. वांगी भाजली, वर जवसाचं तेल घातलं, घरमालकिणीकडून एक पाट मागून आणला. ती म्हणाली, “पाव्हणे काय?” मी म्हटलं, “भाऊ येऊन राह्यला.” सांगताना किती बरं वाटलं. मग दारात उभी राहिले. ऊन खाली गेलं, बाजारातून माणसं परतायला लागली, रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बाया गेल्या. संध्याकाळची पॅसेंजर शिटी देऊन गेली, ती मला दारातून ऐकू आली. तरीही मी थोडा वेळ उभी होते, गाडी चुकली असेल म्हणून. घरमालकिणीने काही विचारलं नाही. पाट मात्र तिने दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन नेला.

पुढच्या रविवारी मी बांगड्यावाल्याकडे न थांबता सरळ गेले. म्हातारीच्या बाजूची जागा रिकामी होती. तिने आपलं पोतं त्या जागेत थोडं पसरून घेतलं होतं.

“कोनाले पाहून राह्यली व माय?” ती म्हणाली.

मी म्हटलं, “इथं वांगेवाला भाऊ बसत होता...”

“तो नाई येत आता. धामणगावले जाते म्हने.” ती माझ्याकडे बघत राहिली. “तू त्याची बहीण न?”

त्या दिवशी ते तिच्यासमोरच सगळं झालं होतं, तेव्हा तिने ओळखलं यात नवल नव्हतं. मी हो म्हटलं.

“मले पयलेच ठाऊक होतं,” ती म्हणाली. “त्यानंच दाखोली होती तू. हरेक इतवारी त्या बांगड्यावाल्यापाशी उभी राहे न? तो म्हने, मावशी, ते पाय, ते माही बहीण हाय. मोठ्या हाफिसात हाय. म्या म्हनलं, मंग बोलाव ना तिले. तं म्हने, नाई. तिच्या गावात म्या काटा धरून बसलो, हे लोकाइले कळलं तं तिची शोभा राहीन काय? म्या म्हनलं, मंग पुलगावले बस, इतक्या दूर कायले येतं? तं म्हने, पुलगावले सारे सोयरे हायेत. अन् इथं ते पाहाले तरी भेटते.”

तिने सांबाराच्या जुडीवर पाणी शिंपडलं. एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिने जुडी दिली आणि पुन्हा माझ्याकडे वळली.

“एखाद इतवारी तुले उशीर झाला का तो सारखा तिकडेच पाहे. तू आली का मंग भाकर सोडे.”

मला तिथे बसावंसं वाटलं, त्याच्या रिकाम्या जागेवर, पोत्याच्या त्या कोपऱ्यावर. बसले नाही. कचेरीतली टायपिस्ट बाई बाजारात खाली बसत नाही. ती मिजास माझ्यातही होतीच. मी एवढंच विचारलं, की जाताना काही म्हणाला का. ती म्हणाली, काही नाही, उरलेली वांगी तिला दिली आणि म्हणाला, मावशी, आता इथं बसता येणार नाही.

घरी आले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमची ती मूठ दोघांनी दोन बाजूंनी धरली होती, आणि दोघांचंही बरं चाललं होतं. मला वाटत होतं मी त्याला बघते आहे. तोही मला बघत होता, आणि मी पुढे येणार नाही या भरवशावर बसला होता. एवढ्या मोठ्या बाजारात, धक्क्याधक्क्यांत, आम्ही बहीणभाऊ दर रविवारी भेटत होतो. हे मला भेट संपल्यावर कळलं.

पुढच्या भाऊबीजेला मी गेले. त्याने ओवाळून घेतलं. वांग्यांचा विषय मी काढला नाही, त्यानेही नाही. भाच्यांच्या लग्नातही भेटलो, पंगतीत मी त्याला वाढलं. त्या रविवारचं एक अक्षर आमच्यात कधी निघालं नाही. पण दिवाळी वर्षातून एकदा येते, आणि रविवार एका महिन्यात चार वेळा येतो.

मी बाजारात जातच राहिले. पावभर मागत राहिले. भाजीवाल्या विचारत, “लेकरं गावाले गेले काय?” मी म्हणे, “हव.” बांगड्यावाल्याने एकदा विचारलं, “ताई, आजकल थांबत नाई?” मी म्हटलं, हात भरले.

धामणगाव काही परदेशात नाही. सकाळच्या पॅसेंजरने निघालं, पुलगाव सोडलं की आलंच. रविवारी सकाळी मी कितीदा तरी तयार होऊन बसले. एकदा तर स्टेशनवर जाऊन तिकीट काढलं. लांबूनच बघून यायचं, पुढे जायचं नाही, असं मनाशी घोकत फलाटावर उभी राहिले. पण माझा मलाच भरवसा वाटेना. तो तिथे भिंतीकडे तोंड करून कोरडी भाकर खाताना दिसला असता, तर मी पुन्हा गेले असते. गाडी आली, थांबली, आणि मी न चढता ती निघून गेली. वर्ध्याच्या बाजारातून त्याला मी उठवलं होतं. धामणगावातूनही उठवलं, तर मग तो बसणार कुठे?